रेफर केले, पण नेणार कोण? रत्नागिरीतील इसबाची मुले आणि दवाखान्याची वाट

मुलाच्या अंगावरचा इसब हा आपल्याकडे फारसा आजार मानला जात नाही. ताप चढला की धावपळ होते, विंचू चावला की अख्खी वाडी गोळा होते. खाजेसाठी मात्र कोणी गाडी करत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्धवाड्यांमधून काम करताना आम्हाला दिसते ते असे : अनेक मुलांचा हा आजार ओळखला जातो, कार्डावर लिहिलाही जातो, पुढे तालुक्याला किंवा जिल्ह्याला जा असे सांगितलेही जाते. त्यानंतर उपचार थांबतो. कारण विचारले तर बहुतेक आया एकच गोष्ट सांगतात, ‘जायचे कसे?’

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात आरोग्ययोजनांची रचना, एस.टी.चे वेळापत्रक, बाईची मजुरी आणि वाडीचे गावातले स्थान हे सगळे येते. म्हणून तो आपल्या युवकांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

एकदा दाखवून का भागत नाही?

इसबाला डॉक्टर एक्झिमा म्हणतात. मुलांमधल्या नेहमीच्या प्रकाराचे नाव अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. तो बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू होतो. तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे येतात. मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घड्या, मान, मनगट इथली कातडी कोरडी, जाड, चिरलेली होते. खाज रात्री वाढते. मूल झोपत नाही, आई झोपत नाही, आणि सकाळी ते मूल शाळेत पेंगते.

इसब संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. खरूज मात्र पसरते, नायटाही पसरतो. गोंधळ इथेच होतो. तिन्हींना वाडीत ‘खाज’ हा एकच शब्द, आणि कोकणातल्या घामाच्या, ओल्या हवेत हे तिन्ही आजार आढळतात. औषधे मात्र वेगळी आहेत. म्हणून आधी जाणत्या डॉक्टरने ओळखणे गरजेचे.

ओळखल्यावरही एका भेटीत काम होत नाही. उपचाराचा पाया म्हणजे कातडीला रोज, दिवसातून दोनदा तरी ओलावा देणारे मलम किंवा पांढरे पेट्रोलियम जेली लावणे. चट्टा भडकला की डॉक्टर सौम्य स्टिरॉइडचे मलम ठराविक दिवसांसाठी देतात. मग दोन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहावे लागते. उतरले असेल तर औषध कमी करायचे, उतरले नसेल तर बदलायचे, पू झाला असेल तर तो आधी बरा करायचा. हा आजार वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो. बहुतेक मुलांत वय वाढेल तसा तो सौम्य होतो, पण तोपर्यंत त्याला सांभाळावे लागते. थोडक्यात, या मुलाला एका मोठ्या फेरीपेक्षा अनेक लहान फेऱ्यांची गरज असते. आपली वाहतूक व्यवस्था नेमकी इथेच कमी पडते.

जिल्ह्याचा नकाशा काय सांगतो?

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार आणि क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. शंभरातले ८० हून अधिक लोक खेड्यात राहतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके उत्तर-दक्षिण पसरले आहेत. गाव म्हणजे एकसंध वस्ती नव्हे. गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. त्यातली बौद्धवाडी बऱ्याच गावांत डांबरी रस्त्यापासून आणि एस.टी.च्या थांब्यापासून दूर, वहाळापलीकडे किंवा सड्यावर. ती तिथे का आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या खाड्या किनारपट्टीचे तुकडे करतात. दाभोळहून समोर धोपावे दिसते, जयगडहून तवसाळ दिसते, पण फेरीबोट नसेल त्या वेळी मोठा वळसा घालावा लागतो. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने सुरू झालेली कोकण रेल्वे मंडणगड, दापोली आणि गुहागर या तालुक्यांना स्पर्शही करत नाही.

आता डॉक्टर कुठे आहेत ते पाहू. डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचाच निकष आहे. तिथे एमबीबीएस डॉक्टर असतो. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर बालरोगतज्ज्ञ अपेक्षित आहे. त्वचारोगतज्ज्ञ मात्र शासकीय रचनेत जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवरचा डॉक्टर आहे. दापोली, कळंबणी आणि कामथे इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, आणि रत्नागिरी शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. या चांगल्या गोष्टी आहेत. पण मंडणगडच्या आतल्या वाडीतून रत्नागिरी शहर दीडशे किलोमीटरहून लांब आहे. ज्या तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, त्याच तालुक्यातल्या आईला मुलाची कातडी सरकारी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची तर जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडावा लागू शकतो.

गाडी शोधायला येते, न्यायला येत नाही

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. त्यात शून्य ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते. आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे. ज्या आजारांसाठी तपासायचे त्यांच्या यादीत त्वचाविकारही आहेत : खरूज, बुरशीचा संसर्ग आणि एक्झिमा. म्हणजे इसब हा शासनाच्या लेखी नोंद घेण्याजोगा बालआजार आहे. जे घरी ‘नुसती खाज’ म्हणून सोडून दिले जाते, ते सरकारने यादीत घातले आहे.

पथक मूल तपासते, कार्ड भरते आणि पुढच्या दवाखान्यात पाठवते. मग पथकाची गाडी पुढच्या गावाला जाते. आजार शोधण्यासाठी वाहन ठरलेले आहे; शोधलेल्या मुलाला दर वेळी उपचारापर्यंत नेण्याचे वाहन ठरलेले नाही. पुढचा प्रवास घरच्यांचा.

इतर योजनांत डोकावले तर हीच फट दिसते. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते, पण ती तातडीच्या रुग्णासाठी आहे. जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर माता आणि आजारी नवजात बालकांना मोफत ने-आण मिळते. २०१४ पासून ही सोय एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकांना लागू झाली. मुलाचा पहिला वाढदिवस झाला की ती संपते, इसब तर तिथून पुढे अनेक वर्षे राहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाला घरी परतण्याचे एस.टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे पॅकेजमध्ये धरलेले आहे. ओपीडीत दाखवून परतणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. कर्करोग, डायलिसिस, हिमोफिलिया, सिकलसेल अशा काही रुग्णांना एस.टी.त सवलत आहे. इसबाच्या मुलाला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार मोफत झाले. दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर पैसे लागत नाहीत. दारापर्यंत पोहोचण्याचे लागतात.

अर्ध्या तिकिटाने काय सुटले, काय राहिले?

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे. या जिल्ह्यातले कितीतरी बाप मुंबईला कामाला असतात. मुलाला दवाखान्यात आईच नेते. त्यामुळे ही सवलत खरोखर उपयोगाची आहे, आणि ती टिकली पाहिजे. पण सवलत गाडी आली तरच मिळते. वाडीच्या फाट्यावर गाडीच येत नसेल तर वडाप किंवा स्पेशल रिक्षा उरते, आणि रिक्षावाल्याकडे अर्धे तिकीट नसते.

एक दिवस मांडून पाहू. समजा, वाडीपासून थांबा दोन किलोमीटरवर आहे. सकाळची वस्तीची गाडी पकडायची तर पहाटे उठून मूल कडेवर घेऊन उतरायचे. तालुक्याला उतरून दुसरी गाडी. ओपीडी सकाळची, तिथे केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग औषधाची. संध्याकाळची परतीची गाडी चुकली तर नातेवाइकाकडे मुक्काम किंवा स्पेशल रिक्षा. घरी दुसरे मूल शेजारणीकडे. त्या दिवसाची मजुरी बुडाली. लावणी किंवा काजूचा हंगाम असेल तर एक दिवस फार मोठा असतो. हे सगळे करून समजते की त्वचेचे डॉक्टर आज नसतात, ठराविक वारी बसतात. मग ती आई पुन्हा येईल का? जी येत नाही तिला ‘निष्काळजी’ म्हणणे सोपे आहे. आम्ही समाजशास्त्रात शिकलो ते हेच, की जेव्हा बऱ्याच घरांतून एकच ‘निष्काळजीपणा’ दिसतो तेव्हा दोष घरात शोधायचा नसतो, व्यवस्थेत शोधायचा असतो.

ही वाट किती नाजूक आहे ते आपण पाहिले आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणचे एस.टी. आगार पाण्याखाली गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यभर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कामगारांच्या मागण्या समजून घ्यायलाच हव्यात. पण ज्यांच्या दारात दुचाकीही नाही, त्यांच्यासाठी एस.टी. थांबली की दवाखाना थांबतो.

वाट लांब असली की जवळ काय उरते?

जवळ उरते ते मेडिकलचे दुकान. तिथे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब मिळते. लावली की दोन दिवसांत लाली जाते, आईला हायसे वाटते, बंद केली की दुप्पट उसळते. महिनोन्महिने लावली तर मुलाची कातडी पातळ होते, आणि खाज बुरशीची असेल तर ती आतून वाढत राहते. अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये कडक झाला. तरी ती सहज मिळतात.

आणखी जवळ उरतो तो भगत. वाडीपर्यंत गाडी येत नाही, पण अंगारा येतो. ‘बाहेरचे आहे’, ‘नागाचा दोष आहे’ असे सांगणारा माणूस पायी अंतरावर असतो. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. पण अंधश्रद्धेविरुद्ध भाषण देऊन आई थांबेल, असे समजू नये. तिच्या हाताला डॉक्टर लागला पाहिजे. दवाखाना जवळ आणणे हेही अंधश्रद्धा निर्मूलनाचेच काम आहे.

आणि एक गोष्ट फार बोलली जात नाही. अंगावर चट्टे असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवणे, त्याच्या हातचे न घेणे, खेळात न घेणे, हे होते. स्पर्श नाकारला जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. मग आपल्याच वाडीत एखाद्या मुलाला कातडीमुळे दूर ठेवले जात असेल तर ते आपण चालवून घेता कामा नये. ‘हा आजार लागत नाही’ एवढे एक वाक्य विहारात, शाळेत, महिला मंडळात मोठ्याने सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

आजाऱ्याला वाहन : महावग्गातील एक प्रसंग

आपल्या परंपरेत या प्रश्नाला थेट उत्तर आहे. विनयपिटकाच्या महावग्गात असे येते की काही भिक्खू चैनीने वाहनातून फिरू लागले, लोकांनी नावे ठेवली, म्हणून भिक्खूंना वाहन निषिद्ध झाले. पुढे एक भिक्खू भगवंतांच्या दर्शनाला श्रावस्तीकडे निघाला असता वाटेत आजारी पडला आणि रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसून राहिला. लोक त्याला सोबत न्यायला तयार होते, पण नियम मोडू नये म्हणून तो गाडीत बसला नाही. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी आजारी माणसासाठी वाहनाची मुभा दिली. नियम होता तो चैनीविरुद्ध. त्यापायी आजारी माणूस रस्त्यात अडकता कामा नये, हा त्यातला विचार.

त्याच ग्रंथात आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांच्या त्वचारोगाची हकिगत आहे. त्यांच्या अंगातून स्राव येऊन चीवर कातडीला चिकटत असे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवत. तथागतांनी ते पाहिले आणि अशा रोगासाठी औषधी चूर्णांची, तसेच जखमांवर पांघरायच्या वेगळ्या वस्त्राची परवानगी दिली. खाजेला ‘नुसती खाज’ म्हणून त्यांनी सोडून दिले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जी बारकाई दाखवली गेली, तेवढी आपल्या योजनांनी आणि आपल्या संघटनांनी आज दाखवावी, एवढीच अपेक्षा आहे.

रस्ता हा जगण्याचा हक्क

बाबासाहेबांच्या संविधानाने दिलेला जगण्याचा हक्क रस्त्यापर्यंत पोहोचतो. हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्याच्या डोंगरी गावांतील गरीब, बहुतांश अनुसूचित जातीच्या रहिवाशांनी रस्त्यासाठी उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ मध्ये, हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेद राम शर्मा या निकालात न्यायालयाने मान्य केले की डोंगराळ भागातील माणसाला रस्ता मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सह्याद्रीच्या उतारावरील वाडीला हा निकाल परका नाही.

जगात इतरत्र काय करतात तेही पाहावे. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत तातडी नसलेल्या, साध्या तपासणीसाठीही ने-आण करण्याची व्यवस्था राज्यांना करावी लागते. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवले तर प्रवासखर्च परत मागता येतो. म्हणजे उपचारात प्रवासही धरावा, ही मागणी अवास्तव नाही. आपल्याकडे गरोदर मातेसाठी ती मान्य झालेलीच आहे.

गावशाखांनी, मंडळांनी काय करावे?

*यादी करा.* वाडीतल्या कोणत्या मुलांना दोन महिन्यांहून जास्त खाज आहे, कोणाला पाठवले होते, कोण पोहोचले, कोण नाही आणि का, एवढे एका वहीत लिहा. तपासणी पथक अंगणवाडीत कधी येणार ते सेविकेकडून आधी विचारून त्या दिवशी ही मुले हजर ठेवा. कार्ड जपून ठेवा.

*एक दिवस, एक गाडी.* त्वचेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे रुग्णालयात आधी विचारा. आसपासच्या तीन-चार वाड्यांतील मुले एकाच दिवशी न्या. जीपचे भाडे वाटले की प्रत्येकाला परवडते, आणि आईला सोबत मिळते.

*‘गिलान यान’ निधी.* जयंती, वर्षावास, पुण्यानुमोदनाच्या खर्चातून थोडी रक्कम आजाऱ्यांच्या वाहनासाठी बाजूला काढा. मुंबई मंडळांनी यात पुढाकार घ्यावा. हिशेब विहारात लावा.

*फेरतपासणी जवळ आणा.* शासनाच्या ई-संजीवनी सेवेतून उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. पहिली तपासणी समोरासमोर झाली की मधल्या काही भेटी इथून होऊ शकतात. नेटवर्क नसेल तर तीही मागणी लावून धरा.

*ग्रामसभेत ठराव घ्या.* वाडीच्या फाट्यावर थांबा, ओपीडीच्या वेळेला जुळणारी फेरी, पावसाळ्यात साकव. ठरावाची प्रत आगारप्रमुख आणि जिल्हा परिषदेला द्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून वाडीचा रस्ता घेता येतो. तो आराखड्यात आहे का ते पाहा.

*माहिती अधिकार वापरा.* २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. एवढेच विचारा : गेल्या वर्षी तालुक्यात बाल स्वास्थ्य पथकाने त्वचाविकारासाठी किती मुले पुढे पाठवली आणि त्यातली किती प्रत्यक्ष पोहोचली? या दोन आकड्यांतला फरक हाच आपल्या मागणीचा आधार. मागणी अशी : बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पाठवलेल्या प्रत्येक मुलाला, वयाची एक वर्षाची अट न ठेवता, सोबतच्या पालकासह मोफत ने-आण किंवा भाड्याचा परतावा.

तोपर्यंत घरी एवढे सांभाळा. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, उग्र साबण नको, अंग ओलसर असतानाच मलम, सुती सैल कपडे, नखे कापलेली. स्टिरॉइडचे मलम डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराइतके मलम दोन तळव्यांएवढ्या भागाला पुरते. पण ताप, पू, झपाट्याने पसरणारी लाली किंवा दुखणारे पाणीदार फोड एकदम उठले तर वाट पाहू नका. ती तातडी आहे, तेव्हा १०८ ला फोन करा.

येत्या ग्रामसभेच्या आधी आपल्या वाडीची वही भरून तयार असावी. किती मुले रात्री जागी असतात आणि त्यांच्यापासून दवाखाना किती फेऱ्यांवर आहे, हे सांगणारा कागद हातात असेल तर बोलायला दुसरे काही लागत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.